मेणबत्त्या बनवण्याचा संच: हाताने घडवलेल्या भेटींसाठी

आप्तेष्टांना आणि मित्रमंडळींना द्यायच्या भेटवस्तू स्वतः घडवाव्यात, या इच्छेने मी सोया मेणाच्या मेणबत्त्या बनवण्याचा संच मागवला. त्यात 1 किलो मेण, सुती वाती, सुगंधी तेल, तापमापक आणि पत्र्याच्या 8 डब्या होत्या. मेण उत्तम प्रतीचे आहे. ते उकळत्या पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात सावकाश वितळते आणि सांडले तरी गरम पाण्याने व साबणाने निघते.

संचातील सर्वांत मोलाची वस्तू मात्र तापमापक. सुमारे 80 अंश सेल्सिअसला तेल मिसळून, दोन मिनिटे हलक्या हाताने ढवळून, मेण 60 अंशांच्या आसपास उतरल्यावर ओतले, तर पृष्ठभाग गुळगुळीत येतो, हे मला दुसऱ्या खेपेला उमगले. पहिल्या खेपेच्या डब्यांवर खळगे पडले होते. तेल मेणाच्या वजनाच्या 6 ते 10 टक्के पुरते, अधिक घातल्यास ते वर पाझरते.

खरी त्रुटी माहितीपत्रकात आहे. सोया मेणात सुगंध मुरायला 1 ते 2 आठवडे लागतात, याचा त्यात उल्लेखच नाही. त्यामुळे आदल्या रात्री बनवलेली मेणबत्ती मी बहिणीला मोठ्या हौसेने दिली आणि तिला वास जेमतेमच आला, याची मला आजही हळहळ वाटते. वातीही या रुंद डब्यांसाठी बारीक आहेत: मधोमध खड्डा पडतो आणि कडेचे मेण तसेच राहते. जाड वाती वेगळ्या घ्याव्या लागल्या, तरी मी हाच संच पुन्हा मागवला आहे.