सापाचं 'लायसन्स' विकणाऱ्यांपासून सावध राहा, नागपुरात माझ्या भाच्यासोबत झालं ते वाचा

राजेहो, जरा लांब लिहितोय पण पूर्ण वाचा, कारण माझ्या भाच्यासारखी अजून किती पोरं यात अडकली असतील देव जाणे. 'पायथन विथ पेपर' (म्हणजे कागदपत्रांसह अजगर), 'सापाचं परमिट काढून देतो' असं कोणी खाजगी माणूस म्हणत असेल तर तो सरळसरळ फसवून राहिला आहे, आणि यात नुसते पैसे जात नाहीत, वन्यजीव कायद्याचा गुन्हा आपल्या घरात येऊन बसतो.

भाचा इंजिनीअरिंगला आहे, मनीषनगरला राहतो, सापांचं वेड पहिल्यापासूनचं. टेलिग्रामवर त्याला एक जण भेटला, बॉल पायथनचं (आफ्रिकेतल्या एका अजगराचं) पिल्लू २८ हजार आणि लायसन्सचे वेगळे ६,५००. पोराने आधी बरोबर विचारलं होतं की भाऊ हे लीगल आहे का. त्यावर तो म्हणे माझ्याकडे २०२० चा पेपर आहे, तुझ्या नावावर ट्रान्सफर करून देतो.

ही २०२० ची गोष्ट पूर्ण खोटी नाही, म्हणूनच पोरं फसतात. जून २०२० मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने सांगितलं होतं की ज्यांच्याकडे परदेशी जातीचे प्राणी आहेत त्यांनी स्वतःहून परिवेश या मंत्रालयाच्या ऑनलाइन पोर्टलवर नोंद करावी, सहा महिन्यांत केली तर कागदपत्रं मागणार नाही. पण ती नोंद त्या माणसाची आणि त्याच्याजवळच्या त्याच प्राण्याची असते, ती दाखवून वाट्टेल तो साप खपवता येत नाही.

पार्सल बैद्यनाथ चौकाजवळ ट्रॅव्हल्सच्या गाडीने आलं, वर 'प्लास्टिक पार्ट्स' लिहिलेलं. आत मिठाईचा डबा, त्याला छिद्रं पाडलेली, आणि साप कापडी पिशवीत गाठ मारून. जिवंत जनावर असं पाठवतात, मला तर ते पाहूनच संताप आला. भाच्याने फोटो पाठवले आणि म्हणाला मामा, हा काही त्याने दाखवलेल्या व्हिडिओतल्यासारखा दिसत नाही. मी आमच्या ओळखीच्या सर्पमित्राला घेऊन ताईकडे गेलो.

त्यांनी पाहिलं आणि लगेच सांगितलं, दादा हा पायथन नाहीच, ही डुरक्या घोणस आहे, आपल्याकडचीच. बॉल पायथनचे खवले गुळगुळीत असतात आणि वरच्या ओठावर उष्णता ओळखणारे खड्डे रांगेने दिसतात. याच्या ओठावर एकही खड्डा नव्हता, डोळे बारीक, आणि आखूड शेपटीवरचे खवले इतके खरबरीत की डब्यावर घासले तर आवाज येत होता. बिनविषारी आहे बिचारी, पण अंगावरचे डाग पाहून लोक अजगराचं पिल्लू समजून हात लावतात नाहीतर विषारी घोणस समजून मारतात. कुठल्यातरी शेतातून उचललेला साप आफ्रिकेतला म्हणून २८ हजाराला विकला.

आणि आपल्याकडचा साप निघाला म्हणजे विषयच बदलला. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे आपल्याकडचे जंगली साप हौस म्हणून पाळायचं परमिट नावाची गोष्टच नाही, पकडणं ही सुद्धा शिकारच धरतात. कलम १२ खाली संशोधन, शिक्षण किंवा औषधासाठी विष काढणं अशा कामांना परवानगी मिळते, घरच्या काचेच्या टाकीसाठी नाही. २०२२ च्या दुरुस्तीने शिक्षाही वाढवली, साधारण गुन्ह्यालाही दंड १ लाखापर्यंत आणि प्राणी शेड्युल १ मधला (कायद्याला जोडलेली, सगळ्यात जास्त संरक्षण असलेल्या प्राण्यांची यादी) असेल तर कमीत कमी ३ वर्षं, ७ वर्षांपर्यंत कैद.

आता ते 'लायसन्स' पाहा. रंगीत प्रिंट, तीन सिंह, गोल शिक्का आणि खाली लिहिलं होतं की शेड्युल ६ प्रमाणे हा साप पाळण्यास परवानगी. अरे शेड्युल ६ म्हणजे जुन्या कायद्यात वनस्पतींची यादी होती आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर शेड्युलच चार उरले! क्यूआर कोड होता, तो स्कॅन केला तर नुसता एक फोटो उघडायचा. भाच्याच्या आडनावात एक अक्षर चुकलेलं होतं.

हे अक्षर लक्षात ठेवा, कारण लगेच एक फोन आला, मी फॉरेस्टमधून बोलतोय, तुमच्या घरी बेकायदेशीर साप असल्याची तक्रार आहे, १५ हजार स्कॅनरवर टाका नाहीतर आज रात्री गाडी पाठवतो. आणि नाव घेतलं ते तेच चुकीच्या अक्षराचं आडनाव! म्हणजे विकणारा आणि धमकावणारा एकाच टोळीचे. ताई तर रडायलाच लागली, पैसे देऊन मोकळे होऊ म्हणे. मी म्हटलं एक रुपया जाणार नाही, कारण एकदा दिले की हे दर महिन्याला मागतील.

सर्पमित्रांनीच सांगितलं की कलम ३९ प्रमाणे असा प्राणी सरकारची मालमत्ता असतो आणि कसाही ताब्यात आला तरी ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस स्टेशनला किंवा वन अधिकाऱ्याला कळवावं लागतं. म्हणून आम्ही वनविभागाच्या १९२६ वर फोन केला, पार्सलची पावती, चॅट, पेमेंटचे स्क्रीनशॉट सगळं जोडून लेखी अर्ज दिला, त्याची पोच घेतली आणि साप सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला (वन्यप्राण्यांच्या उपचार केंद्राला) दिला. पिशवीत दबून तोंडाजवळ जखम झाली होती त्याला. घाबरून गुपचूप कुठे सोडून देऊ नका, आपल्या हातात पुरावा राहत नाही आणि बाहेरून आलेला साप भलत्याच जागी सोडणं त्याच्यासाठीही वाईट. पैशाची तक्रार १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर केली, ती जेवढी लवकर कराल तेवढी रक्कम अडकवता येण्याची शक्यता जास्त.

कोणाला खरंच परदेशी साप कायद्यात राहून ठेवायचा असेल तर रस्ता वेगळा आहे. बॉल पायथन साइट्सच्या (CITES, वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहे, त्यामुळे तो आपल्या कायद्याच्या शेड्युल ४ मध्ये येतो आणि २८ फेब्रुवारी २०२४ च्या नियमांप्रमाणे ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत परिवेश पोर्टलवर नोंदणीचा अर्ज करावा लागतो, तो जातो राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे. त्यांचं ऑफिस तर आपल्याच गावात, सिव्हिल लाइन्सच्या वनभवनात आहे, एजंट कशाला पाहिजे? लॉगिन तुमचं, फी पोर्टलवर. प्राणी दुसऱ्याला दिला, मेला, पिल्लं झाली तरी कळवावं लागतं. म्हणून विकणाऱ्याला आधी एवढंच विचारा की तुझ्या नावावरची नोंदणी दाखव आणि हा प्राणी देशात आला तो आयातीचा परवाना दाखव. कॉर्न स्नेक (दुसरा एक परदेशी साप) साइट्सच्या यादीत नाही म्हणून 'त्याला काहीच लागत नाही' असंही सांगतात, पण बाहेरून आणायला डीजीएफटीचा (केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाचा) परवाना लागतोच.

भाच्याला साप विकणाऱ्याचा नंबर आता बंद आहे, पैसे अजून परत आलेले नाहीत. पण भाच्याला दाखवलेला निळ्या चादरीवर हातात गुंडाळलेल्या पायथनचा तोच फोटो परवा दुसऱ्या नावाने, दुसऱ्या ग्रुपमध्ये दिसला, रेट आता २५ हजार केलाय. दिसला तर स्क्रीनशॉट काढा, यूपीआय आयडी मागून घ्या, पैसे टाकू नका आणि सरळ १९२६ ला कळवा.