टबाटा की दंड-बैठका? बारीक पण दणकट व्हायचंय तर वाचा

सकाळी बडोद्याच्या कमाटीबागेत दोन्ही पार्ट्या दिसतात, एक टायमर लावून बर्पी (खाली बसून पाय मागे फेकायचे, परत उठून उडी) मारणारी आणि दुसरी बारला लटकून निवांत पुलअप काढणारी, आणि नवीन माणूस मध्ये कन्फ्यूज उभा.

टबाटा म्हणजे 20 सेकंद जीव तोडून, 10 सेकंद आराम, असे 8 राउंड, 4 मिनिटांत खेळ खल्लास. पण ज्यावरून हा प्रकार गाजला तो 1996 चा जपानी अभ्यास सायकलवर झालेला आणि जोर एवढा लावायचा की शेवटच्या राउंडला पायच हलू नयेत, आपण रील बघून जे जंपिंग जॅक करतो ते टबाटा नव्हे हो. टबाटानं दम मस्त वाढतो, हात-छाती फारशी भरत नाही.

ताकद पायजे तर दंड, बैठका, पुलअपच. फक्त रोज आकडा वाढवत बसू नका, 20 आरामात निघायला लागले की प्रकार अवघड करा, म्हणजे पाय पायरीवर ठेवा, खाली जाताना 4 सेकंद लावा, मग एका हातावर जास्त भार घ्या. जुम्मादादा व्यायाम मंदिरासारखी जुनी तालीम असलेल्या गावात हे सांगावं लागतं, कमाल आहे!

माझं मत: आठवड्यात 3 दिवस ताकद, 1-2 दिवस टबाटा. गुडघे कुरकुरत असतील तर उड्या सोडा, सायकल मारा. बीपी-हार्टवाल्यांनी आधी डॉक्टरला विचारा. आणि पोट दोन्हीनं उतरत नसेल तर आधी सेव-उसळीवरची एक्स्ट्रा तर्री बंद करा, मग माझ्याशी भांडा.