लॉनचा व्हॉल्व्ह बिघडला: आतलं सामान बदलावं की अख्खा व्हॉल्व्ह?

लॉनला आपोआप पाणी देणाऱ्या यंत्रणेत कंट्रोलर (ठरल्या वेळी पाणी चालू-बंद करणारा डबा) बंद असूनही एक झोन (एका व्हॉल्व्हवर चालणारा लॉनचा भाग) झिरपत राहतो, नाहीतर चालू करूनही कोरडाच राहतो. अशा वेळी बरेच जण थेट नवा व्हॉल्व्ह घेऊन येतात. माझं मत आधीच सांगते: झाकण उघडून पाहिल्याशिवाय पाइपाला करवत लावू नका.

या व्हॉल्व्हमधलं हलणारं सगळं झाकणापाशीच असतं. रबरी डायफ्राम म्हणजे पडदा, त्यावरची स्प्रिंग आणि सोलेनॉइड म्हणजे विजेवर दट्ट्या उचलणारी कॉइल. डायफ्रामच्या वर साठलेलं पाणी त्याला खाली दाबून धरतं. कंट्रोलरकडून 24 व्होल्ट मिळाले की सोलेनॉइडचा दट्ट्या उचलला जातो, वरचं पाणी बारीक छिद्रातून निसटतं आणि डायफ्राम उघडतो. खालची बॉडी नुसती जागेवर बसलेली असते, म्हणून ती सहसा खराब होत नाही.

झिरपणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये बहुतेकदा डायफ्राम फाटलेला असतो किंवा कचरा अडकलेला असतो. माझ्या व्हॉल्व्हच्या सीटवर, म्हणजे डायफ्राम जिथे टेकून पाणी अडवतो त्या कडेवर, मोहरीएवढा खडा सापडला. रबरावर त्याचा खळगा पडला होता आणि तेवढ्या फटीतून रात्रभर पाणी वाहत होतं. मुख्य कॉक बंद करून स्क्रू काढायचे, स्प्रिंग सांभाळायची, डायफ्राम धुवायचा किंवा बदलायचा. झाकण बसवण्याआधी कॉक क्षणभर हळूच उघडा, म्हणजे पाइपातली उरलेली वाळू निघून जाते. स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने आवळा.

झोन कोरडाच राहत असेल, तर सोलेनॉइड हाताने पाव ते अर्धा फेरा सैल करा. पाणी आलं, तर आतलं काम ठीक आहे, दोष विजेच्या बाजूला आहे. मग दोन्ही वायरी सोडवून मल्टीमीटर लावा. चांगली कॉइल साधारण 20 ते 60 ओहम दाखवते. आकडाच आला नाही तर कॉइल तुटली, शून्याजवळ आला तर शॉर्ट झाली. नवीन सोलेनॉइड फिरवून बसवायला पाच मिनिटं पुरतात.

अख्खा व्हॉल्व्ह बदलणं हे वेगळंच काम आहे. व्हॉल्व्ह ज्या जमिनीतल्या पेटीत असतो तिच्याभोवतीची माती उकरायची, दोन्हीकडे पाइप कापायचा, सोल्व्हंट सिमेंटने नवे जोड चिकटवायचे आणि डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण होईपर्यंत पाण्याचा दाब द्यायचा नाही. आट्यांचा व्हॉल्व्ह असेल तर टेफ्लॉन टेप लावा, पण पान्याने जास्त जोर लावू नका, प्लॅस्टिकची बॉडी तडकते. बाणाची दिशा पाण्याच्या प्रवाहाबरोबरच हवी. वायरींचे जोड ग्रीस भरलेल्या वॉटरप्रूफ कनेक्टरमध्येच करा. साध्या चिकटपट्टीखाली ओल शिरते आणि नंतर तोच झोन पुन्हा बंद पडतो.

खरी अडचण जागेची आहे. तीन-चार व्हॉल्व्ह एकाच पेटीत खेटून बसवलेले असतात. एकदा कापल्यावर जेमतेम दोन बोटं पाइप उरतो आणि पुढच्या वेळी कपलर (दोन पाइप जोडणारा तुकडा) बसवायलाही जागा राहत नाही. एकाच व्हॉल्व्हपायी मग पूर्ण जुळणी नव्याने करावी लागते. करवतीबद्दल माझा हात आखडतो तो यासाठीच.

या दोन्हींच्या मधला एक मार्ग मला सगळ्यात जास्त आवडतो. त्याच मॉडेलचा नवा व्हॉल्व्ह घ्या, त्याचं झाकण, डायफ्राम, स्प्रिंग आणि सोलेनॉइड काढून जुन्या बॉडीवर बसवा. पाइपाला हात लागत नाही आणि सगळे हलते भाग नवे होतात. सुट्या भागांपेक्षा थोडा जास्त खर्च येतो, पण नेमका कोणता भाग गेला हे शोधत बसावं लागत नाही.

कापायचंच कधी? बॉडीला चीर गेली असेल, गोठलेल्या पाण्याने ती फुगून फुटली असेल, सीटवर नखाला जाणवेल अशी खाच पडली असेल, किंवा ते मॉडेलच मिळेनासं झालं असेल, तर. तेव्हा मात्र दोन्ही बाजूंना युनियन (फिरवून उघडता येणारा जोड) टाकून घ्या. पुढच्या वेळी व्हॉल्व्ह नुसता फिरवून काढता येईल.