पाणथळीतल्या पक्ष्यांचे व्हिडिओ: सुपरझूम कॅमेरा की स्कोपला लावलेला मोबाईल?

गेल्या हिवाळ्यात नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या पाळीवर आणि उमरेडकडच्या तलावांवर भेटलेल्या तीन-चार जणांनी मला एकच प्रश्न विचारला. चमच्या, चित्रबलाक, शेकाट्या, कमळपक्षी यांचे फोटो नाही, व्हिडिओ करायचेत. तर सुपरझूम कॅमेरा (लेन्स न बदलता खूप दूरचं जवळ आणणारा) घ्यावा की स्कोप (ट्रायपॉडवर बसवून एका डोळ्याने पाहायची दुर्बीण) घेऊन त्याला मोबाईल लावावा? पाळीवर उभ्या-उभ्या दिलेलं उत्तर अर्धवट राहतं, म्हणून इथे नीट लिहितो. मी चार वर्षं सुपरझूम वापरला आणि आता तीन वर्षं झाली, स्कोपवर आहे. दोन्हींनी आनंद दिला, दोन्हींनी मनस्तापही दिला. मोठ्या लेन्सचा मिररलेस कॅमेरा यात धरत नाही. ज्याचं बजेट तिथवर पोचतं त्याचे प्रश्न वेगळे असतात. कंपन्यांची नावंही घेत नाही, कारण मी सांगतोय तो फरक प्रकाराचा आहे, मॉडेलचा नाही.

आधी एक गैरसमज बाजूला काढू. "किती पट झूम" यावर फार डोकं शिणवू नका. आपल्याकडच्या तलावांवर पक्षी ज्या अंतरावर असतात, त्या अंतरावर दोन्हींनी फ्रेम भरते. खरी मर्यादा हवेची आहे. नागपुरात फेब्रुवारी अर्धा सरला की सकाळी नऊनंतर पाण्यावरची हवा थरथरायला लागते. शेकाट्याचे लांब गुलाबी पाय मग पायांसारखे दिसतच नाहीत, पाण्यात पडलेल्या सावलीसारखे लुकलुकतात. मे महिन्यात तर साडेसात-आठलाच आवरतं घ्यावं लागतं. हे कुठल्याही काचेने सुटत नाही. जितकं मोठं करून पाहाल तितकी ती थरथरही मोठी दिसते. 83 पटीचा कॅमेरा असो की 60 पटीचा आयपीस (स्कोपचा डोळा लावायचा भाग), मी दोन्ही गुंडाळून तर्री-पोहे खायला गेलोय. म्हणून केवळ जास्त झूमसाठी जास्त पैसे मोजायचा विचार असेल, तर तो सोडून द्या. तेवढ्या पैशात पहाटेच्या फेऱ्या जास्त होतील.

आता सुपरझूमची बाजू, आणि ती खरोखर भक्कम आहे. गळ्यात अडकवला की निघालात. गाडी पाळीखाली थांबवून खिडकीतून, दारावर तांदळाची पिशवी ठेवून मी जे व्हिडिओ केलेत तसे स्कोपने आजवर जमलेले नाहीत. उडता पक्षी असेल तर विषयच संपला. ऊन चढल्यावर चित्रबलाक गरम हवेच्या झोतावर गोल गोल घेत वर जातात, तेव्हा पंखाखालची काळी-पांढरी नक्षी आणि शेपटीजवळची गुलाबी झाक टिपायची तर कॅमेराच हवा. स्कोप त्यांच्यामागे फिरवेपर्यंत ते ठिपके झालेले असतात. मुग्धबलाकांचा थवा झाडावर उतरतानाही तेच. रंगांच्या बाबतीतही माझं मत कॅमेऱ्याच्या बाजूने झुकतं. जांभळी पाणकोंबडी माझ्या मोबाईलमध्ये जरा जास्तच निळी येते, कॅमेऱ्यात तिच्या मानेवरचा जांभळा आणि छातीवरचा हिरवट निळा वेगवेगळा राहायचा. ज्याला दुचाकीवरून फिरायचंय, एका सकाळी दोन-तीन तलाव करायचेत, पक्षी दिसला की लगेच रेकॉर्डिंग सुरू व्हायला हवंय, त्याने पुढचं वाचून माझ्या नादी लागू नये, असंही मी म्हणेन.

मी स्वतः मात्र कॅमेरा सोडला, आणि तो एका कारणापायी सोडला.

विदर्भातल्या तलावाचा काठ तुम्हाला माहीत आहे. पुढे बेशरम (पाण्याकाठी माजणारं झुडूप), तिच्या मागे पाणकणीस नाहीतर उंच गवत, त्याच्या मागे कमळाची आणि शिंगाड्याची पानं, आणि पक्षी त्या पानांवर. म्हणजे तुमच्या आणि पक्ष्याच्या मध्ये काहीतरी असतंच. वाऱ्याने बेशरमीची काडी हलली की सुपरझूमचा ऑटोफोकस पक्षी सोडून तिच्यावर येतो. मग त्याला चूक कळते, तो मागे जातो, पक्ष्याच्याही पलीकडे जातो, पुन्हा पुढे येतो. फोटोत हे चालून जातं, दहा काढले की दोन साधतात. व्हिडिओत ते सगळं रेकॉर्ड होतं. पाहणाऱ्याला गरगरल्यासारखं होतं आणि ते एडिटिंगमध्ये काढताही येत नाही.

ऑगस्टमधली एक सकाळ सांगतो. पाऊस नुकता थांबला होता. तांबूस-ब्राँझ पंखांचा कमळपक्षी, म्हणजे आपण ज्याला ब्राँझ-विंग्ड जकाना म्हणतो तो, चार पिल्लांना घेऊन पानांवर चालत होता. या पक्ष्यांत अंडी उबवणं आणि पिल्लं सांभाळणं हे नराचं काम; मादी दुसऱ्या नराकडे निघून जाते. वर घार फिरली आणि नर पानावर बसला. एकेक पिल्लू त्याच्या पंखाखाली शिरलं. मग त्याने पंख अंगाशी घट्ट आवळले आणि तो उठून चालायला लागला. दोन्ही बाजूंनी पंखांखालून पिल्लांचे लांबच लांब पाय लोंबत होते. ते हलत होते. आपल्याच काठावर असं काही बघायला मिळेल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. घरी येऊन लावलं तर पाऊण मिनिटाच्या व्हिडिओत बेशरमीचं एक फिकट जांभळं फूल, पाकळीवरच्या पाण्याच्या थेंबासकट, सुरेख स्पष्ट आलेलं. मागे एक तपकिरी डाग डावीकडून उजवीकडे जातोय. तोच तो नर.

कुणी म्हणेल, मॅन्युअल फोकस आहे की त्यात. आहे, आणि मी तो दोन पावसाळे मनापासून शिकलो. पण या कॅमेऱ्यांत तुम्ही रिंग फिरवली म्हणजे थेट काच फिरत नाही, आतली मोटर फिरते, आणि ती तुमच्या बोटाच्या किंचित मागे असते. पूर्ण झूमवर रिंग जराशी हलली की पक्षी निघून गेलेला असतो. पक्षी शोधायला झूम मागे घेतला, पुन्हा पुढे आणला, की फोकस सरकलेला. बॅटरी वाचवायला कॅमेरा मिनिटभर झोपला, जागा झाला, की आपण लावलेली जागा विसरलेला. नव्या मॉडेलांत हे बरंच सुधारलं असेल, मी त्याबद्दल भांडणार नाही. माझ्या हातात जो होता त्याने मला तो नर दिला नाही, एवढंच खरं.

स्कोपचं फोकसचाक साधं आहे. फिरवलं की आतली काच सरकते, सोडलं की तिथेच राहते. मोबाईलच्या पडद्यावर बोट दाबून धरलं की त्याचाही फोकस आणि एक्स्पोजर कुलूपबंद होतो. मग समोर बेशरम कितीही डोलू दे, तिचा फक्त एक हिरवट धूर होतो आणि त्या धुरातून पक्षी स्वच्छ दिसत राहतो. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी तासभर जागचा हललो नाही.

याची किंमत मोजावी लागते, ती लपवत नाही. स्कोप, ट्रायपॉड आणि फ्लुइड हेड (ट्रायपॉडवरचं, स्कोप धक्का न देता फिरवणारं डोकं) मिळून पाठीवर चांगलंच वजन होतं. ट्रायपॉडमध्ये काटकसर करू नका. पाळीवरचा वारा हलक्या ट्रायपॉडला सोडत नाही आणि 40 पटीला ते सगळं दिसतं. दुसरी कटकट मोबाईल बसवण्याची. अॅडॉप्टरमध्ये (मोबाईल आयपीसवर पकडून ठेवणारा जोड) मोबाईलची लेन्स आयपीसच्या बरोबर मध्यावर आली नाही तर एका बाजूला काळी चंद्रकोर येते. पहिला महिना मला हे बसवायला चार-पाच मिनिटं लागायची आणि तेवढ्यात काठावरचा जांभळा बगळा कंटाळून उडून जायचा. आता घरीच एकदा बसवून स्क्रू घट्ट करतो, तलावावर नुसतं अडकवायचं. अजून एक: दोन-तीन लेन्सवाले मोबाईल झूम करताना आपणहून दुसऱ्या लेन्सवर उडी मारतात आणि पडदा एकदम काळा होतो. मुख्य लेन्सवरच राहायचं, दीड ते दोन पटीपर्यंत झूम करून गोल कडा बाहेर काढायच्या, आणि पुढचं मोठं करणं स्कोपच्या आयपीसवर सोडायचं. रेकॉर्डिंगचं बटणही पडद्यावर दाबू नका, चित्र हादरतं. इअरफोनच्या आवाजाच्या बटणाने काम होतं.

संध्याकाळी मात्र स्कोपचं पारडं जड होतं. रंगीत पाणलावा बाहेर पडतो तोच दिवेलागणीला. यांच्यातली मादी नटलेली असते. मानेचा तांबूस रंग, डोळ्याभोवती पांढरा चष्मा, खांद्यावर येणारा पांढरा पट्टा. नर बिचारा मातकट, अंड्यांवर बसायला तोच बरा. त्या उजेडात माझ्या सुपरझूमच्या चित्रात दाणे दाणे यायचे, चष्मा तेवढा दिसायचा आणि बाकी सगळं चिखल. 80 मिलिमीटरच्या स्कोपला 20 पटीवर ठेवलं की आयपीसमधून चार मिलिमीटर रुंद प्रकाश बाहेर पडतो. 60 पटीला तोच सव्वा मिलिमीटरच्या आसपास येतो. म्हणून संध्याकाळी झूम वाढवायचा मोह आवरायचा, पक्षी फ्रेममध्ये छोटा राहू द्यायचा. गेल्या वर्षी एक मादी धोक्याची चाहूल लागल्यावर जागच्या जागी थिजली आणि मग मागचा भाग वर-खाली हलवत दबकत चालू लागली. ते सगळं 20 पटीवर नीट आलंय.

स्लो-मोशनही इथे मोबाईलमुळे फुकट मिळतो. चमच्या पाण्यात अर्धवट उघडी चोच घालून डावी-उजवीकडे विळ्यासारखी फिरवत चालतो, हे आपण नेहमी बघतो. पण चोचीला मासा लागतो तो क्षण डोळ्याला दिसत नाही. सेकंदाला 240 चित्रांवर घेतलं तेव्हा कळलं की मान थांबायच्या आतच चोच मिटलेली असते. चित्रबलाकही असंच स्पर्शाने मासा पकडतो, अर्धवट उघडी चोच पाण्यात फिरवत हळू चालतो आणि पायाने तळही ढवळतो. दोघं शेजारी-शेजारी चरत असतील तर सोडू नका, दोघांच्या लकबी एकाच फ्रेममध्ये मिळतात. एक्स्पोजर मात्र आधीच जरा खाली ओढा, नाहीतर चमच्याची पांढरी पिसं उन्हात नुसती चुन्यासारखी उजळतात.

45 अंशाचा, म्हणजे आयपीस वर वळलेला स्कोप घ्या, सरळ नळीचा नको, हे मी आग्रहाने सांगेन. त्याने खाली बसता येतं. उभा माणूस बघून शेकाट्या ओरडून सगळा तलाव उठवतो. पाटावर बसलेल्या माणसाकडे तो अर्ध्या तासाने दुर्लक्ष करतो. गोंदियाकडे धानाच्या बांधीत सारस पाहायला जाल तेव्हाही हेच. घरट्याजवळ जायचं नाही, बांधावर दूर बसायचं, आणि शेतमालकाला आधी विचारायचं. खरं म्हणजे स्कोपने माझी बसायची सवयच बदलली. कॅमेरा असताना मी पक्ष्याच्या दिशेने चार पावलं टाकायचो, आता टाकत नाही, कारण हे सगळं उचलून चार पावलं टाकवतच नाहीत.

आणखी एक गोष्ट मी हिशोबात धरली नव्हती. सायकी तलावावर जाळं ओढायला आलेले एक ढीवर काका बराच वेळ माझ्याकडे बघत होते. शेवटी जवळ आले. "काय पाहून राहिले जी इतल्या वेळपासून?" मी स्कोपवरचा मोबाईल काढला आणि त्यांना आयपीसला डोळा लावायला सांगितला. समोर मुग्धबलाक होता, शिंपला उघडत. त्या पक्ष्याची चोच मिटली तरी मध्ये फट राहते. काका पुष्कळ वेळ वाकून होते. "रोज दिसते हा," ते म्हणाले, "पण चोच अशी असते हे नवतं माहीत." मग त्यांनीच मला दाखवलं, पलीकडच्या कोपऱ्यात कमळपक्षी कुठे अंडी घालतो ते. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर एवढं दाखवता आलं नसतं, असं मला वाटतं.

खर्चाचं म्हणाल तर बरा सुपरझूम आणि बरा स्कोप-ट्रायपॉड-अॅडॉप्टर हे साधारण एकाच घरात येतात, मोबाईल आधीच हातात आहे असं धरलं तर. नुसते उडते पक्षी आणि प्रवास असेल तर कॅमेरा. पण बसून, एका पक्ष्याचं वागणं गवताच्या आडून पाच-दहा मिनिटं टिपायचं असेल, आणि आपल्या पाणथळींत तेच तर बघण्यासारखं असतं, तर मी आज पुन्हा स्कोपच घेईन. दुकानात जाताना स्वतःचा मोबाईल कव्हर काढून न्या. पैसे देण्याआधी अॅडॉप्टरवर बसवा, दुकानाबाहेर या, आणि एखाद्या झाडाच्या फांदीमागचा कावळा फोकस करून बघा. फांदी धूसर होऊन कावळ्याचा डोळा स्पष्ट झाला आणि चारही कोपरे उजळ राहिले, तर घ्या.