पीएसएमए पेट स्कॅन: करून घ्यावा, पण तयारीनिशी

कॅन्सरमुळे प्रोस्टेट ग्रंथी काढल्यावर शून्याजवळ गेलेला पीएसए (प्रोस्टेटच्या पेशींचं रक्तात मोजलं जाणारं प्रथिन, नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये) 0.2 ओलांडून पुन्हा चढायला लागला, की प्रश्न एकच उरतो: आजार नेमका कुठे आहे? त्याला सीटी आणि बोन स्कॅनची जोडी आता पुरत नाही. बोन स्कॅन हाडाची प्रतिक्रिया दाखवतो, कॅन्सरची पेशी नाही. पीएसएमए पेट-सीटी सुईने दिलेल्या किरणोत्सारी औषधाच्या मदतीने त्या पेशीवरचं पीएसएमए हे प्रथिनच हुडकतो, त्यामुळे 4-5 मिलिमीटरचा लिम्फ नोडही उजळू शकतो. मुंबईत सोय आहे, तेव्हा हाच करून घ्यावा.

अपॉइंटमेंट घेतानाच विचारा, औषध गॅलियम-68 चं की फ्लोरिन-18 चं? गॅलियमचं अर्धायुष्य 68 मिनिटं, म्हणजे तेवढ्यात त्याचा किरणोत्सार निम्मा होतो. लोकल रखडून तासभर उशीर झाला, तर तुमच्यासाठी काढलेला डोस जेमतेम निम्मा उरतो. लवकरची गाडी पकडा. उपाशी राहायची अट एफडीजी पेटची (साखरेसारखं औषध वापरणाऱ्या नेहमीच्या स्कॅनची), इथे सहसा नसते. तोच छापील कागद हातात पडला तर फोन करून खात्री करा.

खरी गोम मूत्राशयात आहे. गॅलियमचं औषध लघवीवाटे बाहेर पडतं. सुईनंतर तासाभराने स्कॅन होताना मूत्राशय भरलेलं असेल, तर ते इतकं झगझगतं की लगतची, ऑपरेशनमध्ये मूत्रनलिका जोडली तिथली बारीक गाठ झाकून जाते. टेबलवर झोपण्याच्या अगदी आधी लघवीला जाऊन या. चांगलं सेंटर लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड देतं, शंका राहिली तर ओटीपोटाचा भाग उशिराने पुन्हा घेतं. फ्लोरिनचं पीएसएमए-1007 मुख्यतः यकृतावाटे जातं, तिथे ही अडचण कमी. पण त्यात बरगडीवर फिकट ठिपके दिसतात आणि सीटीत तिथे काहीच नसतं. असा एकुलता ठिपका पाहून आजार हाडात गेला असं धरू नये.

2019 च्या एका मोठ्या अभ्यासात पीएसए 0.5 च्या खाली असताना 38 टक्के रुग्णांत जागा सापडली, 1 ते 2 असताना 84 टक्के रुग्णांत. म्हणून पीएसए वाढू द्यावा का? मुळीच नाही. ऑपरेशननंतरचं रेडिएशन पीएसए कमी असतानाच जास्त गुण देतं. कोरा रिपोर्ट हे ते पुढे ढकलायचं कारण नव्हे.

हार्मोनचं इंजेक्शन चालू असेल तर फॉर्मवर तारखेसह लिहा, त्याने चित्र बदलतं. रिपोर्टमध्ये औषधाचं नाव, डोस, गाठीचं माप आणि एसयूव्ही (गाठीने औषध किती शोषलं त्याचा आकडा) हवेतच. सीडीही मागून घ्या. परळला टाटात दुसरं मत घ्यायचं झालं तर छापील फोटोंवर भागत नाही.