द अनटेम्ड: आधी बघा, मग कादंबरी वाचा, पण वाचाच

चायनीज ड्रामा बघायचाय, कुठून सुरू करू, असं कोणी विचारलं की बहुतेक जण 'द अनटेम्ड'चंच नाव घेतात. मीही तेच घेते, फक्त पहिले दोन एपिसोड कसेही करून ढकला एवढी एक अट घालते. २०१९ ची सिरीज, टेन्सेंट या चिनी कंपनीची, ५० एपिसोड, हिरो दोन, श्याओ झान आणि वांग यीबो. मूळ कादंबरी 'मो दाओ झू शी', लेखिका मो श्यांग थोंग श्यू, हे अर्थात टोपणनाव. २०१५ च्या शेवटी जिनजियांग नावाच्या साहित्याच्या साईटवर ती एकेक प्रकरण करत यायला लागली आणि २०१६ मध्ये पूर्ण झाली. इंग्लिशमध्ये छापील पुस्तकं सेव्हन सीजने काढली, पाच भाग, २०२१ ते २०२३. मी दोन्ही करून बसलेय, त्यामुळे हा रिव्ह्यू दोन्हीचा आहे आणि जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी त्या पहिल्या दोन एपिसोडचं बोलू कारण तिथेच निम्मे लोक गळतात. सुरुवातीलाच हिरो मरतो. मग थेट १६ वर्षांनी तो परत येतो, मुखवटा घालून फिरतो, आजूबाजूला पन्नास माणसं पांढऱ्या-निळ्या-जांभळ्या-पिवळ्या कपड्यांत येतात-जातात, प्रत्येकजण दुसऱ्याकडे जुनं वैर असल्यासारखं बघतो आणि आपल्याला घंटा काही कळत नाही कोण कोणाचा काय लागतो ते. कळायचं नसतंच. तिसऱ्या एपिसोडपासून जो फ्लॅशबॅक सुरू होतो तो थेट तेहेतिसाव्यापर्यंत चालतो, म्हणजे सिरीजचा निम्म्याहून जास्त भाग फ्लॅशबॅकच आहे, आणि खरी गोष्ट तीच आहे. तेहेतीस झाले की परत जाऊन पहिले दोन बघा, तेव्हा प्रत्येक नजरेचा हिशोब लागतो आणि जाम मजा येते.

नावांचा घोळ आहे तो सुरुवातीलाच निस्तरून घ्या. एका माणसाला तीन-तीन नावं. हिरोचं जन्माचं नाव वेई यिंग, मोठेपणी मिळालेलं, चारचौघांत वापरायचं नाव वेई वूश्येन, आणि बदनामी झाल्यावर जगाने दिलेली पदवी यिलिंग लाओझू. दुसरा लान झान, लान वांगजी, हानग्वांग-जून. कोण कोणाला कुठल्या नावाने हाक मारतो त्यावरून जवळीक कळते. लान झान असं एकटा वेई वूश्येनच बिनधास्त ओरडत सुटतो आणि समोरच्याचा चेहरा दगड. घराणी मात्र रंगांवरून ओळखता येतात, पांढरे-फिकट निळे म्हणजे गूसूचे लान, जांभळे म्हणजे युनमेंगचे ज्यांग, सोनेरी म्हणजे लानलिंगचे जिन, लाल म्हणजे छीशानचे वेन. नकाशा मनघडंत आहे पण गावांची नावं खरी आहेत, गूसू म्हणजे आजचं सूझोऊ, लानलिंग शानडोंगमध्ये, छीशान शाआन्शीमध्ये, आणि युनमेंग हूबेमध्ये, सगळीकडे तळी आणि कमळं, म्हणून त्या घराण्याचं राहतं ठिकाणच कमळांच्या मधोमध. काळ कुठला ते सांगितलेलं नाही, राजा नाही, राजवाडा नाही, सम्राटाच्या बायकांची भांडणं नाहीत. तलवारीवर उभं राहून उडणारी, तपश्चर्येने पोटात सोन्याचा गाभा तयार करणारी घराणी आहेत आणि त्यांचं राजकारण आहे. या प्रकाराला श्यानश्या म्हणतात. नुसत्या तलवारबाजीच्या गोष्टी, म्हणजे वूश्या, त्या वेगळ्या, त्यात माणसं कितीही उड्या मारोत, शेवटी माणसंच असतात.

सुरुवातीचे गूसूचे एपिसोड म्हणजे निव्वळ आनंद. लान घराण्याचे तीन हजार नियम दगडावर कोरलेत, विनाकारण हसू नये हाही त्यातलाच एक. त्यात हा वेई वूश्येन रात्री दारूचे दोन बुधले घेऊन भिंतीवरून आत येतो, लान वांगजी अडवतो, आवारात दारूला बंदी आहे म्हणतो, तर हा म्हणतो मग आत येत नाही, भिंतीवर उभा राहूनच पितो, मग तर नियम मोडत नाही ना. कादंबरीत हा प्रसंग अजून खमंग आहे. पुढे शिक्षा म्हणून ग्रंथालयात बसून नियम उतरवून काढायचे असतात तिथेही याची वळवळ चालूच, लान वांगजीच्या धर्मग्रंथाच्या वेष्टणात तो भलत्याच चित्रांचं पुस्तक घालून ठेवतो. हे सगळं नुसती धमाल वाटते, पण लिहिणारीने इथेच सगळं पेरून ठेवलंय, नियम म्हणजे काय आणि बरोबर म्हणजे काय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे नंतर फार महागात पडून कळतं.

ॲक्टिंग. श्याओ झानला वीस एपिसोड नुसतं हुंदडायचंय आणि नंतर तेच हसू तोंडावर ठेवून आतून मोडलेलं दिसायचंय, ते त्याने असं केलंय की मला तरी दुसरा कोणी त्या जागी दिसत नाही. वांग यीबोला अख्ख्या सिरीजमध्ये चेहरा हलवायची परवानगी नाही, तरी दहा-बारा एपिसोड झाले की त्याची पापणी हलली तरी आपल्याला कळायला लागतं. आवाज मात्र दोघांचेही त्यांचे नाहीत हे अनेकांना माहीत नसतं. चिनी ऐतिहासिक ड्रामांमध्ये डबिंग कलाकारांचे आवाज सर्रास असतात, इथे वेई वूश्येनला लू झीशिंग आणि लान वांगजीला ब्येन ज्यांग. ब्येन ज्यांगने याच कादंबरीवरच्या ॲनिमेशनमध्येही लान वांगजीच केलाय, त्यामुळे ते बघताना ओळखीचं माणूस भेटल्यासारखं होतं. संगीत लिन हायचं. 'वू जी' हे मुख्य गाणं दोघा हिरोंनी स्वतः गायलंय, आणि तीच चाल कथेत बासरीवर येते तेव्हा काय होतं ते बघा, मी सांगत नाही.

आता वाईट बोलूया. ग्राफिक्स बेकार. गुहेतलं ते महाकाय कासव आहे ना, तिथे दोघं जिवाच्या आकांताने लढतायत आणि मी त्या कासवाकडे बघून हसतेय. मारामारीत स्लो मोशनचा अतिरेक. पहिल्या भागात एक काळं घुबड उगाच घिरट्या घालत असतं. आणि यिन आयर्न! हे प्रकरण कादंबरीत नाहीच. सिरीजवाल्यांनी एका जादुई धातूचे तुकडे शोधायची मोहीम मध्ये घुसडली, त्यामुळे वेन घराण्याचा माज हा साधा, ओळखीचा, सत्तेचा माज न राहता तुकडा शोधायचा कार्यक्रम होऊन बसतो. बासरी वाजवून प्रेतं उठवण्याची वेई वूश्येनची विद्या हा कादंबरीचा गाभा, चिनी पडद्यावर भुतंखेतं अवघड, म्हणून इथे त्यांना कळसूत्री बाहुल्यांसारखं काहीतरी करून टाकलंय. ठीक आहे, समजू शकतो.

कादंबरी ही सरळ दोन पुरुषांची प्रेमकथा आहे, डानमेय म्हणतात त्या प्रकाराला. पडद्यावर ती जिवलग मैत्री झाली. बहुतेक फॅन लोकांची तक्रार हीच असते की सेन्सॉरने प्रेम कापलं. माझी तक्रार ती नाहीये. प्रेम कापलंच गेलेलं नाही, ते नजरेत, बासरीत, दारूच्या पेल्यात, कपाळावरच्या त्या पांढऱ्या पट्टीत सगळीकडे सांडलेलं आहे, डोळे असणाऱ्याला दिसतं. जे खरंच कापलं गेलं ते हिरोचं पाप.

नावं घेत नाही, पण मधे एका अरुंद वाटेवर एक मृत्यू होतो ज्याने सगळं उलटंपालटं होतं. कादंबरीत त्या क्षणी वेई वूश्येनचा ताबा सुटतो. राग, भीती, गर्व, सगळं एकत्र, आणि त्याच्या हातून होऊ नये ते होतं. त्यानंतर रात्री दिवे न विझणाऱ्या त्या नगरीतही तेच, अजून मोठ्या प्रमाणावर, हजारोंनी माणसं मरतात. सिरीजमध्ये काय, तर दोन्ही ठिकाणी कोणीतरी लपून दुसरी बासरी वाजवत होतं. झालं! हिरो धुतल्या तांदळासारखा स्वच्छ, सगळं त्या बासरीवाल्याने केलं, आता रडायला मोकळे. कादंबरी वाचताना माझी जी तगमग झाली ती या एका बदलाने गेली, कारण तिथे प्रश्न असा होता की ज्या माणसाने निरपराध लोकांना वाचवायला सगळ्या जगाशी वैर घेतलं त्याच माणसाच्या हातून निरपराध मेले, आता त्याला काय म्हणायचं? आणि ज्याचा भाऊ, ज्याची बहीण त्यात गेली, त्याने याला का माफ करावं? वेई वूश्येनसोबत एकाच घरात भावासारखा वाढलेल्या ज्यांग चेंगचा राग सिरीजमध्ये आडमुठेपणा वाटतो, पुस्तकात तो अगदी बरोबर वाटतो. सिरीज बघून ज्यांग चेंगला शिव्या घालणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते, चौथा भाग वाच आणि मग बोल.

गंमत म्हणजे याच विषयावर सिरीज बाकी फार भारी आहे, म्हणजे गर्दी एका माणसाला राक्षस कशी बनवते यावर. वेन घराण्याविरुद्धचं युद्ध जिंकल्यावर बाकीची घराणी वेन आडनावाच्या म्हाताऱ्या, आजारी, कधी तलवार न धरलेल्या लोकांनाही कैदेत कुजवतात. वेई वूश्येन त्यांना उचलून प्रेतांच्या टेकडीवर घेऊन जातो आणि तिथे ते काय करतात, तर शेती! त्याला बटाटे लावायचेत, त्या वेन लोकांमधल्या वैद्य वेन छिंगला मुळे, त्यावरून रोज भांडण. आ-युआन नावाचं एक पिल्लू आहे, त्याला हा कमरेपर्यंत मातीत पुरून ठेवतो, पाणी घातलं की उंच होशील म्हणे. आणि त्याच वेळी खाली जगात काय बोललं जातंय, तर तो तिथे सैन्य जमवतोय. टेकडीवर मुळा उगवत नाहीये धड आणि खाली सैन्याच्या गप्पा. हे एपिसोड मी परत परत बघते. कादंबरी याच अफवेने उघडते, पहिल्याच पानावर लोक तो मेला म्हणून आनंद साजरा करतायत, प्रत्येकाकडे त्याच्याबद्दल ऐकीव माहिती आहे, स्वतः भेटलेला असा कोणी दिसत नाही. ती दोन-तीन पानं अख्ख्या सिरीजला जमलं नाही ते करून जातात.

यी शहराचा भाग वेगळा सांगायला हवा. सिरीजमध्ये छत्तिसाव्या एपिसोडच्या आसपास येतो, धुक्यातलं ओस गाव, शवपेट्यांचं दुकान, आंधळा तलवारबाज श्याओ शिंगछेन, आंधळी असल्याचं सोंग करून लोकांचे खिसे कापणारी आ-छिंग, आणि त्यांच्यात येऊन राहिलेला श्वे यांग ज्याला श्याओ शिंगछेन ओळखत नाही पण आपण ओळखतो. एकाला दिसत नाही, एकीला दिसतं पण सांगता येत नाही, आणि तिसरा गोड खाऊ वाटतोय. मुख्य कथेशी याचा संबंध जेमतेम आहे, तरी हे दोन्हीकडचं सगळ्यात जबरदस्त प्रकरण आहे असं माझं ठाम मत, मुख्य कथेहूनही. श्वे यांगचं काम करणाऱ्या पोराने तर कमाल केलीय. रात्री बघू नका मात्र, नंतर झोपेचं खोबरं होतं.

शेवट लांबतो. एका देवळात सगळे जमतात आणि मग बोलतात. आणि बोलतात. पाऊस पडतोय, कोणाचा तरी हात तुटलाय, कोणाच्या तरी गळ्याला तार लागलीय आणि लोक खुलासे करतायत. कादंबरीतही हे लांबच आहे, तेव्हा सिरीजला एकटीला दोष देणार नाही. पण न्ये ह्वायसांगकडे लक्ष ठेवा, तो पंखेवाला, रडका, कायम मला काही माहीत नाही म्हणणारा. एवढंच.

पुस्तकांबद्दल थोडं प्रॅक्टिकल. भाषांतर वाचायला सोपं आहे, मागे पात्रांची यादी, उच्चार आणि शब्दांचे अर्थ दिलेत, पहिल्या भागात सारखं मागे जावं लागतं, दुसऱ्यापासून नाही. कथा सिरीजसारखी सरळ जात नाही, वर्तमानात एक शोध चालू असतो आणि भूतकाळ तुकड्या-तुकड्यांनी येतो, म्हणून आधी सिरीज बघितलेली असेल तर वाचताना हरवत नाही. मध्ये १६ नाही तर १३ वर्षं गेलेली असतात आणि हिरो दुसऱ्याच माणसाच्या शरीरात परत येतो, हे डोक्यात असू द्या. पुस्तकं प्रौढांसाठीच आहेत. काही प्रणयाचे प्रसंग, खासकरून पाचव्या भागातल्या जादाच्या कथांमधले, मला तरी नीट पचले नाहीत, संमतीचा मामला तिथे गडबड आहे, शाळकरी मुलांच्या हाती अजिबात देऊ नका. पण त्याच पाचव्या भागात कमळाच्या शेंगांची एक छोटी कथा आहे, ती चुकवू नका.

५० एपिसोडचा धीर नसेल तर ॲनिमेशन बघा, २०१८ ते २०२१ मध्ये आलेलं, तीन सीझन मिळून ३५ भाग, मारामारी सिरीजपेक्षा शंभर पटीने देखणी, प्रेतंही आहेत, फक्त श्वास घ्यायला वेळ देत नाही, नवीन माणूस चक्रावतो. आणि सिरीजची एक २० एपिसोडची स्पेशल एडिशन पण फिरतेय, सगळं कापून दोघा हिरोंवरच भर दिलेला. ती आधी बघू नका. मुळ्यांची शेती त्यात घाईत उरकलेली वाटते आणि मग वरच्या सगळ्या रामायणाला काय अर्थ राहिला.

सिरीजला साडेचार, कादंबरीला साडेचार, पाचव्या भागातल्या त्या प्रसंगांचा अर्धा कापला. कासवाला शून्य.