गोळी देण्याआधी चौकशी करणारी फोंड्याची फार्मसी

चार स्टार. पाचवा कापला तो पार्किंगचा, आणि दुपारी एक ते साडेतीन शटर खाली असतं त्याचा (गोव्यात दुपारची झोप म्हणजे झोप, कोण काय बोलणार). बाकी फोंडा मार्केटकडची ही छोटी फार्मसी मला पटली ती काउंटरवरच्या ताईमुळे.

चतुर्थीच्या धावपळीत आईचे गुडघे धरले म्हणून व्होवेरान (डायक्लोफेनॅकची पेनकिलर) आणायला गेलो. बाकी ठिकाणी नाव घेतलं की स्ट्रिप हातात, चिठ्ठी कोण विचारतो. इथे पहिला प्रश्न, आईंना बीपीची गोळी कुठली चालू आहे? मी मोबाईलवर फोटो दाखवला, टेल्मा एच. ताईने काढलेली स्ट्रिप परत ड्रॉवरमध्ये टाकली. म्हणाली त्या एका गोळीतच दोन औषधं आहेत, टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइड, त्यावर हे डायक्लोफेनॅक पडलं की तिघं मिळून किडनीच्या गाळणीतला दाब पाडतात आणि मध्येच जुलाब-उलट्या झाल्या तर क्रिएटिनिन (किडनी मंदावली की रक्तात साठणारा कचरा) चढायला वेळ लागत नाही. शिवाय असली पेनकिलर, आयबुप्रोफेन धरून, क्वचित कोणाकोणाची गाळणीच गळकी करतात, प्रोटीन लघवीतून जातं, लघवीला फेस, सकाळी डोळ्यांखाली सूज, मग पाय सुजतात. त्यालाच नेफ्रोटिक सिंड्रोम म्हणतात. आणि हो, गुरांना दिलेल्या ह्याच डायक्लोफेनॅकने गिधाडांच्या किडन्या गेल्या म्हणून 2006 मध्ये जनावरांसाठी ते बंद केलं, आपण मात्र चण्यासारखं खातो!

शेवटी पॅरासिटामॉल दिली, डॉक्टरांना फोन करा म्हणाली आणि बीपीची गोळी मनाने थांबवू नका हे दोनदा बजावलं.

तेवढ्यात एक मुलगी गोरं करायची क्रीम मागायला आली, मोबाईलवर डबीचा फोटो, त्यावर ना कंपनी ना घटक. ताई म्हणाली असलं आम्ही ठेवत नाही, ह्यातल्या कितीतरी क्रीममध्ये पारा निघतो, तो कातडीतून आत जातो, केरळात मलप्पुरमला क्रीम लावून नेफ्रोटिक झालेले पेशंट सापडलेत. मुलगी नाक मुरडून गेली, बहुतेक पुढच्या दुकानात.

हे सगळं होईपर्यंत मागे रांग लागते आणि लोक कुरकुरतात, त्यामुळे घाईत असाल तर जाऊ नका. घरात बीपी-शुगरवालं कोणी असेल तर मात्र इथेच जा, आणि चालू गोळ्यांचे फोटो मोबाईलमध्ये ठेवा, ती विचारणारच.